आजींच्या मोरीत पाणी कुणाचं?

काय मंडळी, रुमाल आहे ना जवळ? मग नाकाला लावा. गेल्या आठवड्यात आपण पंख्याच्या पात्यांवर धूळ का साचते ते पाहिलं. आज आपण मोरीत उतरणार आहोत. हसू नका! घरात सगळ्यात जास्त विज्ञान कुठे असेल तर ते मोरीच्या जाळीखाली. पण ती तुंबेपर्यंत तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

आमच्या इमारतीतली गोष्ट सांगतो. तळमजला आणि वर तीन मजले, एवढीच आमची इमारत. तळमजल्यावर एक आजी एकट्या राहतात. दिवाळी होऊन आठवडा झाला असेल, तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरातली मोरी तुंबली. नुसती तुंबली असती तर ठीक. ती उलटी वाहू लागली! आधी जाळीतून बुडबुड असा आवाज यायचा, मग करड्या रंगाचं तेलकट पाणी वर यायचं. त्यात भाताची शितं, चहाचा चोथा, कोथिंबिरीच्या काड्या. आणि गंमत म्हणजे आजींनी त्या दिवशी भात केलेलाच नसायचा.

आजी ते पाणी फडक्याने टिपत, बादलीत पिळत आणि बादली मागच्या अंगणात रिकामी करत. तिसऱ्या दिवशी त्या तेलकट फरशीवरून घसरल्या. पाय चांगलाच मुरगळला.

मग काय, संध्याकाळी जिन्यात सभा भरली. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "आम्ही खरकटं कधीच मोरीत टाकत नाही. वरचे टाकतात." वरचे म्हणाले, "आमची सिंक तर छान वाहतेय! दोष आजींच्या मोरीतच असणार." एक काका तर म्हणाले, "ज्याची मोरी, त्याने प्लंबर बोलवावा." आजी दाराशी खुर्चीवर बसून ऐकत होत्या, पायाला हळदीचा लेप लावून. त्या काहीच बोलल्या नाहीत. मला जरा लाजच वाटली, पण खरं सांगायचं तर मीही तेव्हा गप्पच बसलो.

दुसऱ्या मजल्यावर सातवीतला एक मुलगा आणि पाचवीतली त्याची बहीण राहतात. मोठी माणसं 'कुणी केलं?' म्हणून भांडत होती. या दोघांनी वेगळाच प्रश्न विचारला : 'कधी होतं?'

रविवारी सकाळी दोघं वही आणि घड्याळ घेऊन आजींच्या स्वयंपाकघरात पाट टाकून बसली. त्यांची वही मी पाहिली आहे. सात वाजून दहा मिनिटं : आजींनी दोन तांबे पाणी ओतलं, हळूहळू गेलं. आठ वाजता : काही नाही. साडेनऊ : आजींचा नळ बंद, तरी पाणी वर आलं! दहा वाजता : पुन्हा आलं, आता जास्त. अकराला थांबलं. साडेनऊ ते अकरा ही काय वेळ आहे, ओळखलंत? बरोबर, वरच्या तिन्ही घरांत भांडी घासायची वेळ.

आता जरा इमारतीच्या पोटात शिरू. बहुतेक इमारतींमध्ये स्वयंपाकघरं एकावर एक असतात आणि सगळ्या सिंक-मोऱ्यांचं पाणी एकाच उभ्या पाइपात पडतं. तो पाइप जमिनीशी येऊन वळतो, आडवा होतो आणि चेंबरमध्ये शिरतो. समजा, त्या आडव्या भागात बोळा बसलाय. वरून पाणी येतंय, पुढे जाता येत नाही, मग ते उभ्या पाइपात चढायला लागतं. चढता चढता त्याला जे पहिलं तोंड उघडं सापडेल तिथून ते बाहेर पडणार. पहिलं म्हणजे सगळ्यात खालचं. म्हणजे आजींची मोरी! वरच्यांची सिंक 'छान वाहत' होती, कारण ती आजींच्या घरात रिकामी होत होती.

मुलांनी हे सगळं कागदावर काढलं, पण सभेला ते पटेना. तेव्हा त्यांनी पुरावा द्यायचं ठरवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या सिंकमध्ये, ऐन भांड्यांच्या वेळी, हळद कालवलेलं अर्धी बादली पाणी ओतलं आणि खाली धावली. थोड्या वेळाने आजींच्या मोरीतून पाणी वर आलं ते तांबूस! काका एकदम खूश. "बघा, मी पिवळं ओतलं होतं. हे लाल आहे. हे आमचं नव्हेच!"

त्यावर पाचवीतली ती चिमुरडी काय म्हणाली असेल? ती म्हणाली, "काका, तुमच्या शर्टावर वरणाचा डाग पडला की काकू साबण लावतात, तेव्हा तो कसा होतो?" काका गप्प! हळदीत कर्क्युमिन नावाचं पिवळं द्रव्य असतं. त्याला अल्कली भेटली की ते लालसर होतं. भांड्यांच्या साबणात अल्कली, भांडी घासल्याचं पाणी पाइपात भरलेलं, त्यात हळद मिसळली. लिटमस कागद शाळेत वापरता ना? हळद हा आपल्या फोडणीच्या डब्यातला लिटमस आहे.

मग दुसऱ्या मजल्यावरून ओतलं, तेही आलं. पहिल्या मजल्यावरून ओतलं, तेही आलं. पाणी कुणाचं, या प्रश्नाचं उत्तर निघालं 'सगळ्यांचं', आणि बोळा आजींच्या घरात नसून त्यांच्या मोरीच्याही पुढे, खाली कुठेतरी होता.

आता चेंबर उघडण्याआधी थोडं थांबू, कारण तुमच्या घरची तक्रार कदाचित वेगळी असेल. मोरी तुंबली की बहुतेक माणसं आधी काहीतरी ओततात किंवा काहीतरी खुपसतात, आणि मग विचार करतात. आपण उलटं करू. आधी नुसतं बघायचं. घरातलं एकच तोंड तुंबलंय की सगळीच? एकच बेसिन हळू वाहतंय आणि बाकी सगळं ठणठणीत असेल, तर अडथळा त्या बेसिनच्या खाली हातभर अंतरात सापडण्याचा संभव फार. बेसिनचं पाणी सोडलं की न्हाणीघराच्या जाळीत बुडबुडे येतात? मग दोघांचा पाइप जिथे एक होतो त्याच्या पुढे कुठेतरी अडलंय. घरातलं सगळंच संथ झालंय, शेजाऱ्यांचंही तेच? मग हातातला रबरी पंप खाली ठेवा आणि चेंबरकडे चला.

आणखी एक : ते हळूहळू बिघडलं की एकदम बंद पडलं? हळूहळू असेल तर साका, तूप, केस. एकदम असेल तर काहीतरी पडलंय. घरातल्या धाकट्या मंडळींना गोडीत विचारा. रागावून विचारलंत तर उत्तर कधीच मिळत नाही, असा अनुभव आहे.

तुंबलं नाही, पण वास येतो, अशीही तक्रार असते. त्याची मजा वेगळीच. बेसिनखाली वाकून पाहा. पाइप सरळ खाली न जाता वाकडा गेलेला दिसेल, किंवा त्याला बाटलीसारखा एक डबा लावलेला असेल. प्लंबर त्याला 'ट्रॅप' म्हणतात. मोरीच्या जाळीखाली असतो तो 'नहाणी ट्रॅप'. हा शब्द देशभरातल्या प्लंबिंगच्या पुस्तकांत छापलेला असतो. आपल्या 'न्हाणी'चाच तो भाऊ!

आता पाइप मुद्दाम वाकडा कशाला करायचा? सरळ असता तर पाणी भरकन गेलं असतं की! खरं आहे, पण मग गटारातली हवाही भरकन वर आली असती. वाकड्या भागात थोडं पाणी कायम अडकून राहतं. साधारण दोन इंच उंचीचं ते पाणी म्हणजे बूच. सांडपाणी त्याला ढकलून पुढे जातं, पण गटारातला वायू, झुरळं, चिलटं मागे येऊ शकत नाहीत. ही युक्ती अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीची. १७७५ साली लंडनमध्ये त्याने इंग्रजी 'एस' अक्षरासारखा वाकवलेला पाइप लावून संडासाचं पेटंट घेतलं. घड्याळाच्या चक्रांत डोकं घालून बसणाऱ्या माणसाला हे सुचावं, म्हणजे कमालच नाही का?

हे करून पाहा. पातळ, पारदर्शक नळी हातभर घ्या. हार्डवेअरच्या दुकानात गवंड्याची लेव्हलची नळी मिळते, ती चालेल. ती इंग्रजी 'यू'सारखी धरा आणि एका तोंडाशी पेटती उदबत्ती न्या. दुसऱ्या तोंडातून हळूच हवा ओढून घ्यायला मोठ्या माणसाला सांगा, पण तोंडाने नाही हं, शाईच्या ड्रॉपरचा रबरी फुगा चालेल. धूर नळीतून पुढे सरकेल. आता नळीत थोडं पाणी घाला आणि पुन्हा करा. धूर पाण्यापाशी अडतो. बास, हाच ट्रॅप!

मग वास कधी येतो? ते पाणी आटलं की. मे महिन्यात तुम्ही मामाच्या गावाला जाता. घर महिनाभर बंद. परत येऊन दार उघडताच जो भपकारा येतो तो म्हणजे आटलेला ट्रॅप. उपाय काय, तर प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओता. महागडं काही लागत नाही. न वापरत्या न्हाणीघरातही आठवड्यातून एकदा पाणी ओतायचं काम तुम्ही स्वतःकडे घ्या.

काम क्षुल्लक वाटलं? मग ऐका. २००३ साली हाँगकाँगमध्ये 'अमॉय गार्डन्स' या उंच इमारतींच्या वसाहतीत सार्स नावाच्या रोगाची साथ पसरली. तीनशेहून अधिक रहिवासी आजारी पडले, कितीतरी दगावले. तिथल्या तपासात आढळलं, की पुष्कळ घरांत न्हाणीघराच्या जाळीखालचे ट्रॅप कोरडे होते. लोक फरशी धूत नसत, नुसती पुसत. हवा बाहेर टाकणारा पंखा सुरू केला की पाइपातली हवा त्या कोरड्या भोकातून घरात ओढली जाई. रोग पसरण्याची जी कारणं सांगितली गेली त्यांत हे एक महत्त्वाचं होतं. दोन इंच पाण्याचं मोल एवढं!

बरं, आता तुंबलेलं सोडवू. न्हाणीघरात गुन्हेगार ठरलेला : केस. केस सहजासहजी कुजत नाहीत. ते जाळीखाली अडकतात, एकमेकांत गुंततात आणि त्यांची गाळणी तयार होते. त्या गाळणीवर साबणाचा साका बसतो. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असेल तर साका जास्त. शाळेत 'दुष्फेन पाणी' शिकलात ना? फेस न येता जो पांढरा चिकट थर बादलीच्या कडेला बसतो, तोच पाइपातही बसतो. यावर औषध एकच, ओढून काढणे. हातमोजे घाला, जाळी उचला आणि जुन्या सायकलच्या स्पोकचं टोक पकडीने वाकवून केलेल्या आकड्याने तो गुंता बाहेर ओढा. आत ढकलायचा मात्र नाही! खराट्याची काडी खुपसून पुष्कळ लोक तेच करतात. हातभर अंतरावरचा बोळा चार हात लांब पोचवतात आणि मग म्हणतात, प्लंबर फार पैसे घेतो.

बेसिनखालची बाटली उघडायची असेल तर आईबाबांपैकी कुणीतरी बरोबर हवं. खाली बादली ठेवा. बाटलीचा खालचा भाग हाताने फिरवला तरी सुटतो. आतलं काळं लोण बादलीत पडू द्या, रबरी वायसर जपून ठेवा. आणि हो, बादली रिकामी करायला त्याच बेसिनमध्ये ओतू नका. बाटली काढलेली आहे, हे त्या क्षणी आठवत नाही! तुमचा हा काका हे दोनदा करून बसलाय. दोन्ही वेळा पायांवर.

रबरी पंपाचंही एक शास्त्र आहे. कोरड्या सिंकमध्ये तो धबाधबा आपटला तर नुसता आवाज. हवा दाबली की आक्रसते, पाणी जवळजवळ आक्रसत नाही. म्हणून पंपाची रबरी वाटी बुडेल इतकं पाणी हवं, म्हणजे तुमच्या हाताचा जोर पाण्यातून थेट बोळ्यापर्यंत पोचतो. बेसिनला वरच्या कडेजवळ जे छोटं भोक असतं, ते ओल्या फडक्याने घट्ट बंद करा, नाहीतर सगळा जोर तिथूनच पळून जाईल. शेजारी दुसरी सिंक असेल तर तीही बंद करा. आणि ढकलण्याइतकंच ओढणंही महत्त्वाचं. पुढे-मागे, पुढे-मागे हलवलं की बोळा सैल होतो. दहा-पंधरा वेळा करा, थांबा, पाहा.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर ओतायचा उपाय तुम्ही ऐकला असेल. फेस फार सुंदर येतो. पण तो फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो उडून गेला की पाइपात उरतं जवळजवळ साधं खारं पाणी. केसांच्या गुंत्यावर त्याचा काय परिणाम होणार? प्रयोग म्हणून जरूर करा, मोरीसाठी माझा त्यावर फारसा भरवसा नाही.

आता हा भाग आईबाबांनीही वाचावा. बाजारात मोरी साफ करायची पावडर मिळते. पुष्कळशा पावडरींत कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड असतं, काहींत ॲल्युमिनियमचे कणही. पाण्यात पडल्यावर ते भयंकर तापतं आणि तुपातेलाचं साबणात रूपांतर करतं. कामाचं आहे, पण कातडी आणि डोळे यांनाही ते सोडत नाही. मुलांनी त्या पाकिटाला हातही लावायचा नाही. मोठ्यांनी चष्मा, हातमोजे घालून, पाकिटावरच्या सूचना वाचून, आणि पाणी थोडं तरी वाहत असेल तरच वापरायची. पूर्ण तुंबलेल्या मोरीत ओतली तर ती तिथेच साचून राहते. मग तेच पाणी उडतं पंप मारणाऱ्याच्या तोंडावर. त्यावर ॲसिड ओतणं तर महाभयंकर, आणि ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरीन वायू सुटतो. मोरीसारख्या कोंदट जागेत तो जिवावर बेततो.

आणि आता आमच्या जिन्यातल्या त्या सभेकडे परत या. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी अशाच पावडरीची दोन पाकिटं आणून ठेवली होती, रविवारी रात्री आपल्या सिंकमध्ये ओतायला. त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं, उलट आजींना मदतच करायची होती. पण पाइपाचा तो नकाशा आठवा. ते तापलेलं कॉस्टिक पाणी कुठून वर आलं असतं? आणि ते टिपायला उघड्या हातांनी कोण बसलं असतं? मुलांनी हे सांगितलं तेव्हा काकूंनी पाकिटं पिशवीत घातली आणि कितीतरी वेळ खाली बघत राहिल्या.

सोमवारी प्लंबर आला. त्याने मागच्या अंगणातलं चेंबरचं झाकण काढलं. चेंबर म्हणजे जमिनीखालच्या पाइपाला ठेवलेली खिडकी, दुसरं काय! ही कल्पना फार जुनी आहे. चार हजार वर्षांपूर्वीच्या मोहेंजोदडोमध्ये गटारं विटांनी झाकलेली होती आणि साफ करायला ती झाकणं काढता येत. आमचं चेंबर गुडघाभर खोल. प्लंबर आत उतरला नाही, वरूनच त्याने लवचिक सळई आडव्या पाइपात सरकवली. ती चार हात गेली आणि अडली. पुढे-मागे, पुढे-मागे. मग एकदम गडगड आवाज झाला आणि एक पांढरा, मेणासारखा लगदा चेंबरात येऊन पडला. मग तुंबलेलं पाणी धो धो.

त्या लगद्यात होता भांडी घासायचा काथ्या, तारेच्या घासणीचे तुकडे, चहाचा चोथा, एक चमचा. पण या सगळ्यांना बांधून ठेवलं होतं ते तुपातेलाने. दिवाळीत चार घरांत चकल्या, शेव, करंज्या तळून झाल्या. उरलेलं काळं तेल आणि वनस्पती तूप गरम गरम सिंकमध्ये गेलं. वरून पातळ गेलं, पाइपात थंड झालं आणि भिंतीला चिकटलं. त्यावर दुसऱ्या घरचा थर, त्यावर तिसऱ्या. वितळलेलं वनस्पती तूप वाटीत ठेवून, वाटी गार पाण्यात उभी करून बघा, म्हणजे किती पटकन गोठतं ते कळेल. "गरम पाण्याबरोबर ओतलं होतं हो," असं कुणीतरी पुटपुटलं. गरम पाणीही चार हातांवर गारच होतं ना! (आणि कढत पाणी प्लास्टिकच्या पीव्हीसी पाइपात ओतूही नये. सुमारे ८० अंश सेल्सिअसला ते मऊ पडू लागतं आणि सांधे सुटतात.)

तर मंडळी, पुटपुटणारा तो इसम मीच. आमच्या घरची कढई मीच रिकामी केली होती.

असे लगदे शहराच्या मोठ्या गटारांतही होतात, तेही राक्षसी आकाराचे. २०१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात रस्त्याखाली सापडलेला गोळा २५० मीटर लांब होता आणि त्याचं वजन १३० टन असल्याचा अंदाज होता! स्वयंपाकाचं तेल-तूप आणि संडासात टाकलेले ओले वाइप्स यांचा दगड झालेला. तो फोडायला कामगारांना अनेक आठवडे लागले. त्याचा एक तुकडा २०१८ साली लंडनच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत मांडला होता, आणि लोक तो बघायला यायचे.

आपल्याकडे तो गोळा काचेच्या पेटीत दिसत नाही. रस्त्याच्या मॅनहोलपाशी दिसतो. गटारात कुजणाऱ्या घाणीतून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की तो नाकाची वास ओळखायची शक्तीच मारून टाकतो. म्हणजे 'आता वास येत नाही' याचा अर्थ 'आता धोका नाही' असा मुळीच नाही. गटार मोकळं करायला आत उतरलेली माणसं त्याने क्षणात बेशुद्ध पडतात, आणि त्यांना वाचवायला उतरलेलीही. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला बंदी घातली आहे. अशा मृत्यूंसाठी कुटुंबाला तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असं २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. तरीही अशा बातम्या थांबलेल्या नाहीत. केरळमधल्या तरुण इंजिनिअरांनी मॅनहोल साफ करणारा 'बँडिकूट' नावाचा यंत्रमानव बनवला आणि २०१८ पासून तो कामाला लागला. पण गावोगावी अजून तो पोचायचा आहे. तोवर तुमच्या इमारतीतलं कुणी 'दोनशे रुपये देतो, आत उतर' असं कुणाला म्हणताना दिसलं, तर धावत जाऊन मोठ्यांना सांगा. आणि उघड्या चेंबरवर, मॅनहोलवर तुम्ही कधीही वाकायचं नाही, चेंडू आत गेला तरी नाही. चेंडू नवा आणता येतो.

आमच्याकडे प्लंबरचे पैसे चार घरांनी मिळून दिले. आजींचा वाटा कुणी घेतला नाही, तरी त्यांनी तो दिलाच. आता जिन्याखाली एक झाकणाचा डबा आहे. तळणीचं तेल गार झालं की त्यात येतं. अशा तेलापासून बायोडिझेल करतात, तसा एक गोळा करणारा आम्हाला मिळाला आहे. तुम्हाला मिळाला नाही तर जुन्या बाटलीत भरून, बूच लावून कचऱ्यात द्या. तुपकट कढई घासण्याआधी रद्दी कागदाने पुसून घेतली तरी निम्मं काम होतं. हे काम आमच्या घरी कुणाकडे आहे ते सांगायला नको.

त्या वहीतली शेवटची नोंद अशी आहे : 'मंगळवार, नऊ चाळीस. तिन्ही घरांत भांडी चालू. आजींची मोरी कोरडी. हळदीचा डाग अजून आहे.'

हळदीचा आणि नळीचा, दोन्ही प्रयोग करा आणि काय दिसलं ते पत्राने कळवा. पत्रावर पिवळे-तांबडे डाग पडले तरी चालतील. पुढच्या आठवड्यात भेटू कुकरच्या शिट्टीपाशी!